मुका माज

"मामा, आधी हे बघा," म्हणत काकूंनी गवतावरचं पोतं बाजूला सारलं.

खाली दोन तळहातांत मावेल एवढा गर्भ निजला होता. केस न फुटलेला, पापण्या मिटलेल्या, खुरं मेणासारखी मऊ. जनावरांच्या दवाखान्यात उभा जन्म काढलेल्या मामांना पुढचं काही विचारावं लागलं नाही.

गेल्या आठवड्यात वस्तीतल्या साऱ्या वगारींना, अजून न व्यालेल्या तरण्या म्हशींना, त्यांनीच सुया टोचल्या होत्या. सगळ्या एकदम माजावर याव्यात, एकाच फेरीत रेतन करून भरवता याव्यात म्हणून. गाभण जनावराचा गर्भ मात्र त्याच औषधानं पडतो. म्हणून आधी हात घालून गर्भाशय चाचपायचं. प्रत्येकीला चाचपलं होतं. काकूंच्या ह्या वगारीलाच नाही.

"अहो, ह्या वांझोटीला काय तपासता?" काकूंचे दीर म्हणाले होते. "रेड्याची सावली पडलेली नाही हिच्यावर. आमच्या दावणीला काही फळतच नाही! ह्या खेपेला नाही जमलं तर खाटीक आहेच." निपुत्रिक काकू तेव्हा खाली मान घालून दावं धरून उभ्या होत्या. सकाळपासून चाचपून मामांचं मनगट ठणकत होतं. ते हसले होते, आणि सुई टोचून मोकळे झाले होते.

म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. ना रेकणं, ना तगमग. तो ओळखला होता कुठल्याशा मोकाट रेड्यानं. ज्याची सारे वाट पाहत होते, ते केव्हाच निमूटपणे घडून गेलं होतं.

"गाभडली?" दीर दारातून म्हणाले. "खोटच आहे हिच्यात. आजच खाटकाला बोलावतो."

मामा गप्प राहिले असते तरी निभावलं असतं.

"खोट तिच्यात नाही," मामा म्हणाले. "न तपासता सुई मी टोचली."

"नोकरी जाईल तुमची, कळतंय का?"

"कळतंय."

काकू मामांकडे पाहतच राहिल्या. "म्हणजे... वांझ नव्हती ती?"

"नव्हती, काकू. पुन्हा राहील."

"पोटात होतं तिच्या."

"होतं."

काकूंनी पदर तोंडाशी नेला. मग त्या घरात आजवर कुणी न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, दाव्याला हात लावायचा नाही."

मामांनी गोठ्यामागे खड्डा खणला. परतले तेव्हा काकू कोमट पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मामांच्या हातांवर कोपरापर्यंत धार धरली.

आत वगार गवताची ती रिकामी जागा चाटत होती. काकूंनी संध्याकाळी सारा गोठा झाडला. तेवढं ओलं गवत मात्र तसंच राहू दिलं.