सतरा नंबरचं घर

बॅजर्स हा आइस हॉकीचा क्लब विलो बेंड गावाच्या मालकीचा. कुणी शेठ नाही की सावकार नाही. गावातलेच सभासद आणि त्यांनीच हात वर करून निवडलेली समिती. नफा कमवायचा नाही, असं घटनेतच लिहिलेलं होतं, आणि पन्नास वर्षांत एवढा एकच नियम क्लबनं कधी मोडला नाही.

खेळणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची, लांबलांबून येणारी. वसतिगृह बांधायची ऐपत नव्हती, म्हणून पहिल्याच मोसमात गावानं ती घराघरांत वाटून घेतली. व्हर्ना प्रोकोपचुक तेव्हा नवी नवरी. तिच्या वाट्याला एक सहाफुटी पोरगा आला आणि मग दर ऑगस्टात एकेक येतच राहिला. त्यांनी सोफा मोडला, तळघराच्या भिंतीला पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, मारमारून खड्डे पाडले, बटाटा भरलेल्या पियेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, पातेलं चाटूनपुसून खाल्ल्या. सगळे तिला ‘मॉम’ म्हणत, आणि तीही सख्ख्या आईसारखी त्यांना ओरडे.

यंदाच्या ऑगस्टात मात्र दारात कोणी आलंच नाही. फ्रीजर पियेरोगींनी गच्च भरून ठेवलेला. व्हर्नानं सरळ अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणजे डार्सी थीसन. पन्नाशीला टेकलेला, ट्रॅक्टरच्या दुकानाचा मालक; पण एके काळी तिच्याच घरी राहून बॅजर्सकडून खेळलेला.

“डार्सी, माझा पोरगा कुठंय?”

“मॉम, यंदा आराम कर ना जरा. हिवाळ्यात पायरीवरून घसरलीस, मनगट मोडलं...”

“मनगट मोडलं, तोंड शाबूत आहे. पोरगा कुठंय?”

“सुवर्णमहोत्सवाला ये तर खरी. एक गंमत आहे तुझ्यासाठी. आणि क्लबचा इतिहास तूच सांगायचायस.”

“गंमत घाल चुलीत!” म्हणत तिनं फोन ठेवला. नवरा, वॉल्टर, गेल्यापासून या पोरांच्या धडधडीवरच घर चाललं होतं. आता जिना गप्प, न्हाणीघर गप्प. घर नुसतं खायला उठत होतं, आणि तिला त्याची भीती वाटत होती.

महोत्सवाला क्लबची रिंक, म्हणजे छपराखालचं बर्फाचं मैदान, खचाखच भरली. जुनी पोरं पोटं सुटलेली, टकलं पडलेली, बायकापोरांना घेऊन आलेली. व्हर्ना माइकपुढे उभी राहिली.

“पहिल्या वर्षी आपण सगळे सामने हरलो. दुसऱ्या वर्षी एक बरोबरी झाली, तर पाद्रीबुवांनी चर्चची घंटा बडवली. मग एकदा बर्फाच्या भारानं छप्परच खाली आलं. गाव म्हणालं, बरं झालं, आता हरायला जागाच उरली नाही! आणि प्रांताचा चषक ज्या गोलानं जिंकला तो या डार्सीनं मारला, असं तो दुकानात येईल त्याला सांगतो. मी समोर बसले होते. पक त्याच्या ढुंगणाला लागून आत गेला.”

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. कानापर्यंत लाल झालेल्या डार्सीनं घाईघाईनं दोरी ओढली. छताखाली गुंडाळलेलं कापड सळसळत उलगडलं: ‘प्रोकोपचुक, १७’. तिच्या घराचा नंबर. सगळी रिंक टाळ्या वाजवत उभी राहिली.

व्हर्नाचा चेहरा पांढराफटक पडला.

“अरे गाढवा, छताला कोणाचा नंबर टांगतात?”

“मोठ्या खेळाडूंचा, मॉम. मान म्हणून.”

“आणि तो नंबर पुढं जर्सीवर कोण घालतं?”

“कोणीच नाही...” बोलता बोलता डार्सीची जीभ अडखळली.

“म्हणजे माझ्या घरी पुन्हा कोणीच येणार नाही. माझं कौतुक करताय की मला घरी बसवताय?” टाळ्या थांबल्या होत्या. “क्लब गावाचा आहे ना? मग हात वर करा. मला वर टांगायचं कोणाकोणाला वाटतं?”

जुनी पोरं आपापले बूट बघू लागली. ऐकायला कमी येणाऱ्या खजिनदारांनी तेवढा हात वर केला. बायकोनं तो खाली ओढला.

“मी घाबरलो गं,” डार्सी हळूच म्हणाला. “मनगटाऐवजी मान मोडली असती तर?”

“मला उचललं कोणी तेव्हा? गेल्या वर्षीच्या पोरानंच ना? आता एकटी पडले तर कळणार कोणाला? तुला?”

डार्सीनं घसा खाकरला.

“यंदाच्या पोरांतला एक गोलकीपर आहे. मंगळवारपासून माझ्याकडे उतरलाय. जेवत नाही, बोलत नाही, घरी जायचं म्हणून रडतो. मला त्याला काय सांगावं तेच कळेना. मी असा रडायचो, तेव्हा तू काय सांगितलं होतंस गं?”

“काही नाही. तू रडत होतास, मी वाटाणे सोलत होते. थोड्या वेळानं तूही सोलायला लागलास.”

डार्सीनं मान हलवली. मग अध्यक्ष असल्याचं विसरून, सगळ्या गावादेखत, तो कोटाच्या बाहीनं डोळे पुसू लागला.

“ए, आता तू कशाला रडतोस?” व्हर्ना माइकवरूनच ओरडली. “माझ्याकडे जागा एकालाच आहे!”