बॉनेटवरचा तळहात

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल गाडी आहे. लोक मला सेकंडहँड म्हणतात. खरं तर मी आता तिसऱ्या हातात आहे, पण माणसं याबाबतीत दोनाच्या पुढे मोजत नाहीत.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. माझ्यासारख्याच बहिणी एकामागून एक सरकत होत्या. कुणी आम्हाला दारं लावत होतं, कुणी काचा. शेवटी एका कामगाराने किल्ली फिरवली आणि माझ्या पोटात आग पेटली. त्या क्षणाचं मला अजून नवल वाटतं. पेट्रोलच्या गाडीला पेटायला ठिणगी लागते. आम्हाला ती लागत नाही. आमच्या पोटातली हवा दाबत गेलं की ती इतकी तापते, की डिझेलचा फवारा पडताच भडका उडतो. दाबलं की पेटतं! माणसांच्या घरातही हाच नियम असतो हे मी पुढे पाहिलं. फक्त तिथे भडका उडूनही कुणी पुढे जात नाही.

माझा पहिला मालक औषधं विकत गावोगाव हिंडायचा. पहाटे निघायचा. समोर धुकं, त्यात माझे दोन दिवे, आणि रस्ता कुठून येतोय तेच कळत नसे, तरी येतच राही. दूरचा निळा डोंगर हळूहळू हिरवा होई, मग अंगावर आल्यासारखा वाटे आणि ऐनवेळी बाजूला होई. रोज पाहूनही मला वाटे, आज हा सरकला नाही तर? मालक मला धूत नसे. "धुळीने गाडी मरत नाही," म्हणायचा. पण ऑइल मात्र वेळच्या वेळी बदलायचा. पुढे त्याला बढती मिळाली आणि बसायला खुर्ची मिळाली. खुर्चीलाही चाकं होती, पण ती खोलीतल्या खोलीतच फिरत. त्याने मला विकलं.

दुसरे मालक निवृत्त साहेब होते. मित्रांनो, त्यांच्यासारखं प्रेम माझ्यावर कुणी केलं नाही, आणि त्या प्रेमानेच माझा जीव गुदमरला. ते मला रोज पुसत. माझ्यावर जाड आच्छादन घालत. शेजारी म्हणत, "साहेब, गाडी ठेवावी तर तुम्हीच!" मीही फुगत असे. पण साहेब मला न्यायचे कुठवर? कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, पाव आणि वर्तमानपत्र आणायला. मी तापायच्या आत घर येई.

माझ्या धुराच्या वाटेवर एक गाळणी असते. ती काजळी अडवते. लांब पळाले की मी आतून चांगली तापते आणि ती काजळी जळून जाते. कोपऱ्यापर्यंत जाऊन ती कशी जळणार? साठत गेली. स्टिअरिंगसमोरच्या फळीवर पिवळा दिवा लागला. साहेबांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. आजार दिसेनासा झाला, म्हणजे त्यांच्या मते बरा झाला. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि मी जुन्या गाड्यांच्या आवारात येऊन उभी राहिले.

त्या आवाराच्या भिंतीपलीकडे भंगाराचं दुकान होतं. दिवसरात्र तिकडून पत्रा चेपल्याचा आवाज येई. आमचा शेठ मोठा हुशार. थंड असताना मी चटकन सुरू होत नसे, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी तो मला चालू करून तापवून ठेवी. मग गिऱ्हाइकासमोर मी एका झटक्यात सुरू होई आणि शेठ म्हणे, "बघा, कशी लोण्यासारखी चालते!"

एके दुपारी तिथे एक परिचारिका आली. सोबत तिचे सासरे. नुकत्याच जन्मलेल्या, नाजूक बाळांच्या वॉर्डात ती काम करणार होती, पण ते रुग्णालय लांबच्या शहरात होतं.

"पिते किती?" आजोबांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"नुसत्या वासावर चालते, काका!" शेठ म्हणाला.

"मग वासच द्या. टाकी कशाला भरायची?"

शेठ हसला. आजोबा हसले नाहीत. त्यांचा डोळा शेजारच्या पांढऱ्याशुभ्र पेट्रोलच्या गाडीवर होता. "सूनबाई, ही बघ. नवी नवरी दिसते."

"बाबा, रोज एवढं अंतर जायचं, यायचं. पेट्रोलला पगार पुरायचा नाही," ती म्हणाली. "आणि वाटेत दगा देणारी घेतली, तर मला तिकडेच खोली घेऊन राहावं लागेल. चिंगीचा बाप आधीच जहाजावर. आईही रविवारची पाहुणी झाली तर पोरीने करायचं काय?"

मला तोवर वाटे, माणसं गाडी घ्यायला येतात. ही बाई रोजची संध्याकाळ घ्यायला आली होती.

ती माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. अगदी हलका, तापलेल्या बाळाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"ही गरम आहे."

"ऊन लागलंय, ताई."

तिने दुसरा हात पांढऱ्या गाडीवर ठेवला. "ऊन हिलाही लागलंय. ही नुसती कोमट आहे."

शेठने डोकं खाजवलं. त्याच्या डोक्यात इतकी खाज मी कधी पाहिली नव्हती.

"उद्या सकाळी येते," ती म्हणाली. "तोवर हिला हात लावायचा नाही. गार असताना बघायचीय मला."

ती रात्र मी पलीकडचा पत्रा ऐकत काढली. सकाळी ती आलीच. किल्ली फिरवली. मी खोकले, थरथरले, पुन्हा खोकले आणि कशीबशी सुरू झाले. तिने फळीवरची चिकटपट्टी नखाने सोलली. पिवळा दिवा लख्ख पेटला.

"तो शोभेचा आहे, ताई," शेठ म्हणाला.

"झालं!" आजोबा म्हणाले. "हिचा दमा आणि आपला खर्च. चल, पांढरी बघू."

पण तिने शेठला विचारलं, "आधीचे मालक हिला कुठवर न्यायचे? खरं सांगा."

"खरं सांगू? पाव आणायला."

ती हसली. "इथल्या दवाखान्यातला आमचा रुग्णवाहिकेचा चालक म्हणतो, डिझेल गाडी पळून आजारी पडत नाही, बसून पडते. चला, बसा. लांब जाऊन येऊ. तिकडेही दिवा विझला नाही, तर मी पांढरी घेते."

शेठ मागे बसला, आजोबा पुढे. आणि मित्रांनो, किती काळाने मला तो मोठा रस्ता दिसला! आधी मला दम लागला. आजोबा दर वळणाला म्हणत, "पेटलाय अजून." ती एकाच वेगाने मला नेत राहिली. मग आत कुठेतरी ऊब चढली. वर्षांची काजळी धगधगली. तो निळा डोंगर समोर आला, हिरवा झाला, अंगावर आला आणि बाजूला झाला. तो मला विसरला नव्हता! मी असं काही विलक्षण पुन्हा पाहीन असं मला वाटलं नव्हतं.

"सूनबाई," आजोबा हळूच म्हणाले, "विझला गं."

शेठही वाकून पाहत होता. त्याला माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं होतं.

"गार असताना खोकते, त्यासाठी इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग नवे घालून द्यायचे," ती म्हणाली. शेठने मान हलवली. या वेळी डोकं खाजवलं नाही.

तेव्हापासून मी रोज जाते, रोज येते. पहाटे ती वाटेत कुणाशी बोलत नाही. संध्याकाळी मात्र मला सांगते, आज एका बाळाने पहिल्यांदा स्वतःचा श्वास घेतला. मुठीएवढा जीव, आणि आपला आपण श्वास घेतो! मला आधी वाटे, ठिणगीविना पेटणारे जगात आम्हीच.

घरी आल्यावर आजोबा आणि चिंगीचा एक खेळ असतो. चिंगी मागच्या खोलीत असली की आई गुपचूप आत शिरून दारामागे लपते. आजोबा तोंड पाडून म्हणतात, "नाही बाई, आज तुझी आई आलीच नाही."

चिंगी त्यांच्याशी वाद घालत नाही. धावत अंगणात येते आणि टाचा उंचावून माझ्या बॉनेटवर तळहात टेकवते.

मित्रांनो, जे आवडतं ते झाकून ठेवू नका. त्याला त्याच्या रस्त्यावर न्या. त्याचा दिवा लागला तर चिकटपट्टी लावू नका. आणि कुणाची पारख करायची असेल, तर ते गार असताना करा. एके काळी माझी ऊब खोटी होती. आता रोज संध्याकाळी एक लहान मुलगी ती तपासते आणि घराकडे तोंड करून ओरडते,

"आजोबा, खोटं बोलू नका! गरम आहे. आई आली!"