पाचवं रीळ शेवटी

मी सिनेमा बोलतोय. लढाईचा. पत्र्याच्या सहा डब्यांत मावतो. इथले लोक माझ्यावर जीव टाकतात, आणि तेच माझं दुखणं आहे. कारण हे सगळं प्रेम गैरसमजातून आलंय.

माझा जन्म दूरच्या देशातला. गोष्ट साधी आहे. पाचव्या रिळात एक कोवळा सैनिक रजेवर घरी येतो, आई त्याला वाढते, तो पोटभर जेवतो आणि गाढ झोपतो. सहाव्यात पुलावर गोळी लागून पडतो. संपलं. मायदेशी मला दोन आठवड्यांत उतरवलं. "लढाई घरात भोगली, आता तिकीट काढून कशाला रडायचं?" लोक म्हणाले. त्यांचंही काही चुकलं नाही.

मग बोटीने इथे धाडलं. ओल्या हवेने डब्यांवरच्या चिठ्ठ्या सुटून पडल्या. इथला मशीनवाला मामा देवमाणूस, पण स्वतःला फार शहाणा समजणारा. माझी भाषा त्याला ओ की ठो कळत नाही. रिळं दिव्यासमोर धरून बघताना त्याला दार उघडणारी आई दिसली, आणि त्याने ठरवून टाकलं, "शेवट घरीच होणार. दुसरीकडे कुठे?"

झालं! माझा सैनिक पुलावर पडतो आणि पुढच्याच रिळात घरी येऊन जेवतो. लोक टाळ्या पिटतात, डोळे पुसतात. पाच वर्षं दुपारचा खेळ भरतोय. बायका पोरांचे केस त्याच्यासारखे कापून आणतात. मी आतल्या आत धुमसतोय, अरे, तो मेलाय!

तिकीट खिडकीवरच्या काकूंचा मुलगा लढाईवर गेला, त्याची काही खबर नाही. खिडकी बंद करून त्या रोज शेवटच्या रिळाला मागे उभ्या राहायच्या. सैनिक ताटावर बसला की पुटपुटायच्या, "बसला बाई एकदाचा." मग घरी जायच्या.

एक दिवस मला ज्याने कापून जोडलं तो संकलक माझ्या देशातून आला. खेळ बघून त्याने कपाळावर हात मारला आणि स्वतः डब्यांवर लाल रंगाने आकडे घातले. मला वाटलं, सुटलो बुवा.

दुसऱ्या दुपारी मी सरळ चाललो. सैनिक पुलावर पडला, दिवे लागले. काकू जिना चढून मशीनच्या खोलीत आल्या.

"पुढचं लाव ना रे."

"पुढचं नाही, काकू. जेवणाचं आधीच होऊन गेलं. तुम्ही तेव्हा खिडकीवर होतात."

काकूंनी डब्यांवरचे लाल आकडे बोटाने मोजले. "म्हणजे घरी आला तो आधी," त्या म्हणाल्या. "माझाही आधी येऊन गेला रे. पोटभर जेवला होता."

खिडकीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. त्या पुन्हा आल्या नाहीत.

मामाने रॉकेलने आकडे पुसले. पाचवं रीळ परत शेवटी गेलं, टाळ्या परत सुरू झाल्या. आता मला राग येतो तो स्वतःचा. इतक्या वर्षांत मी बरोबर कळलो एकाच माणसाला, आणि तिलाच कळायला नको होतो.

डबे गंजलेत, फिल्म जागोजागी तुटते, माझे फार दिवस उरलेले नाहीत. काकू कुठे भेटल्या तर एवढं सांगा, दुपारच्या खेळाला या, तो जेवायला बसतो. आणि यापुढे मला सरळ लावायला कोणी आलाच, तर मी मशीनमध्येच तुटून पडेन.