लाइनमनच्या पिशवीतली हत्यारे

"आरोपीच्या पिशवीत सापडलेली चारही हत्यारे ही चोरून संभाषण ऐकण्याची साधने असून दूरध्वनीच्या दुरुस्तीशी त्यांचा कोणताही संबंध आढळत नाही." खात्याच्या चौकशी समितीच्या टिपणातले हे पहिले वाक्य. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष होते. त्यातला खरा भाग एवढाच, की पिशवीत चार हत्यारे होती.

आरोपी माझा थोरला भाऊ. जुन्या, खडखडणाऱ्या एक्स्चेंजच्या काळात तो लाइनमन म्हणून लागला. पुढे एक्स्चेंज बदलले, साहेब बदलले. रस्त्याकडेच्या पेट्या, त्यांतल्या तारा, दादा आणि जुन्या हत्यारांची त्याची पिशवी तेवढे तसेच राहिले. तक्रारदार त्याचा जावई. 'सासरे आमच्या घरचा फोन चोरून ऐकतात,' असा अर्ज त्याने केला होता. आरोप सिद्ध झाला तर दादाची नोकरी जाणार होती. यंत्रांचा इतिहास शिकवण्यात माझी हयात गेलेली, म्हणून बचावाला मी उभी राहिले.

खोलीत पंखा होता आणि तो फिरत नव्हता. समोर जावई, त्याच्या शेजारी दादाची लेक, माझी भाची.

"पाणी हवंय का गं?" मी तिला विचारले.

तिने नवऱ्याकडे पाहिले.

"नको तिला," तो म्हणाला.

मी पहिले हत्यार उचलले. लांब दांड्याची, टोकाशी खाच असलेली सळई. टिपणाच्या मते 'तार कापण्याचे साधन'. तिला धारच नव्हती. जुन्या एक्स्चेंजमध्ये धातूच्या दोन बारीक पट्ट्या एकमेकींना टेकल्या की फोन जोडला जाई. पट्टी नीट टेकेनाशी झाली की ती त्या खाचेत धरून केसभर वाकवायची. दुसरे, कागदासारखे पातळ पाते: 'कुलूप उघडण्याचे साधन'. त्याने कुलूप उघडू पाहणाऱ्याच्या हाती मोडके पातेच राहिले असते. ते त्याच पट्ट्यांच्या टोकांवरची काजळी घासण्यासाठी होते.

"दाताच्या डॉक्टरचं वाटतंय," समितीतला तरुण इंजिनियर म्हणाला.

"कीड दोन्हीकडे लागते, साहेब," दादा म्हणाला. "फक्त आमची पट्टी बोंबलत नाही."

अध्यक्षही हसले. माणसे हसली की ती आपल्या बाजूने झुकली असे आपण समजतो.

तिसरे हत्यार म्हणजे छोटी गोल तबकडी आणि तिच्यातून बाहेर आलेला काटा. 'संभाषणाचा कालावधी मोजणारे घड्याळ'. पट्टीवर दाब किती, हे त्याने मोजतात. तबकडीवरचे आकडे ग्रॅमचे होते. ग्रॅममध्ये वेळ मोजणारी संस्कृती माझ्या वाचनात आलेली नाही, असे मी नम्रपणे नोंदवले.

उरला टेस्ट फोन. काळ्या रबराचा जाडजूड रिसीव्हर, पाठीवर डायल, दोन तारांच्या टोकांना चिमटे, बाजूला एक खटका. खटका खाली केला की ऐकू येते, पण आपला आवाज पलीकडे जात नाही. 'बोलण्याचा भाग हेतुपुरस्सर निकामी केलेला,' असे टिपण म्हणत होते. आमच्या विद्यापीठाच्या संग्रहातला तसाच दुसरा फोन मी त्याच्या शेजारी ठेवला. तोच खटका, त्याच जागी, कारखान्यातूनच आलेला. लाइनमन चिमटे लावून आधी ऐकतो, कारण कुणी बोलत असेल तर मध्ये आपला आवाज शिरू नये. बोलणे चालू असले की चिमटे काढायचे आणि पुढच्या लाइनला जायचे. दार ढकलण्याआधी कानोसा घेण्याची ही सभ्यता. विद्वान समितीला तिच्यात चोरी दिसली होती.

इंजिनियरने दोन्ही खटके खालीवर करून पाहिले आणि फोन हळूच खाली ठेवला.

"भले, प्रोफेसरीणबाई," दादा माझ्या कानाशी पुटपुटला. त्याचा चेहरा मात्र जिंकणाऱ्याचा नव्हता.

"हत्यारांचा मुद्दा आम्ही मागे घेतो," अध्यक्ष म्हणाले. "आता नोंदीपुरता एकच प्रश्न. जावयांच्या घरचं बोलणं तुम्ही कधी ऐकलंत? विचार करून सांगा. चोरून ऐकलेल्या गोष्टीला पुरावा म्हणून काडीची किंमत नसते. ऐकणं मात्र गुन्हाच ठरतो."

उत्तर आम्ही घरी ठरवून आलो होतो: एक शब्द, 'नाही'. त्याने फक्त कानांवर हात ठेवायचे होते. जावई घड्याळ पाहत होता. निकाल काहीही लागला तरी बायकोला घेऊन तो घरी जाणार होता.

दादा उभा राहिला. लेकीकडे बघत राहिला.

"बाबा, नाही म्हणा," भाची म्हणाली. दिवसभरात ती एवढेच बोलली.

त्याचे उत्तर लेखनिकाने उतरवून घेतले. अक्षरही न बदलता देते:

"ऐकलं. पेटीत बिघाड शोधत होतो, चिमटे हिच्या लाइनला लागले. ही आईला सांगत होती, सगळं छान आहे. आईनं फोन ठेवला. हिनं ठेवायच्या आत जावईबापूंचा आवाज आला, माहेरी काय काय सांगितलंस म्हणून. मग मारल्याचा. तेव्हाच चिमटे काढायला हवे होते, मी नाही काढले. हिची आई ठरलेल्या वेळी फोन करायची, त्या वेळी मी मुद्दाम पेटीपाशी जायला लागलो. फोन आला की हिला मार बसायचा. बायकोला म्हणालो असतो फोन करू नकोस, तर तिनं विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं. पोलिसांनी तेच विचारलं असतं. नोकरी गेली असती. म्हणून कुणालाच बोललो नाही. वर्षभर नुसता ऐकत उभा राहिलो."