शेवटचं पान

माझ्या आईला, चंद्रव्वाला, एक इंजेक्शन सोसत नाही. मागं अक्कलकोटला ते दिलं तेव्हा तिचा घसा सुजून श्वास कोंडला होता. म्हणून न्यूमोनियानं तिला सात रस्त्याजवळच्या आमच्या हॉस्पिटलात आणलं, तेव्हा आधी मी सिस्टर संघप्रियाला ते सांगितलं. तिनं माझ्यासमोर टॅबवर मराठीत टाइप केलं.

"इंग्लिशमध्ये टाका की," मी म्हणालो.

"वॉर्डातल्या केसरबाई मावशींना वाचता आलं पाहिजे ना, गुरुशांत सर. आमी सगळ्याच मराठीत लिवतो."

मी इथला कॉम्प्युटरवाला. वीस वर्षं झाली, कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. त्या महिन्यापासून कागदी फायली बंद झाल्या होत्या, त्याही माझ्याच हट्टानं.

तिसऱ्या दिवशी संघप्रिया सुट्टी घेऊन बार्शीला गेली. दुपारी मी सर्व्हर साफ करायला बसलो. माझ्या टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर, रुग्णांच्या सूचनांच्या रकान्यात, ओळीच्या ओळी नुसते चौकोन. कुणीतरी कचरा भरून ठेवलाय, मी मनाशी म्हटलं, आणि वॉर्डात विचारायला जायचं तर माझ्या जिवावर येतं. पानामागून पान पुसत गेलो. शेवटचं पान राहिलं, कारण चहा आला.

आपल्या पडद्यावर मराठी नावं दिसेनात, अशी डॉक्टरांची जुनी तक्रार होती. चहा पिता पिता तेवढं उरकलं. आधी माझ्याच मशीनवर देवनागरीचा फॉन्ट टाकला, सेटिंग बदललं, टर्मिनल पुन्हा उघडलं. चौकोनांची अक्षरं झाली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मग मी ती वाचली. 'दमा आहे, धूप लावू नये.' 'चक्कर येते, एकटं सोडू नये.' 'शुगर आहे, सलाईन विचारून.'

या उरलेल्या पानावरच्या खाटा चोवीसच्या पुढच्या होत्या. आईची खाट सात, पुसलेल्या पानांतली.

लिफ्टची वाट न बघता जिन्यानं धावलो. वॉर्डात दानेश्वरी सिस्टर ट्रे आवरत होती. ट्रेमध्ये रिकामी सिरिंज होती.

"ताप उतरंना म्हणून नव्या डॉक्टरांनी इंजेक्शन बदलून दिलं, सर," ती म्हणाली. "मी टॅब बघूनच दिलं की. सूचना काय नव्हती."

आई उशाला टेकून बसली होती. मला बघून तिला बरं वाटलं. तिनं गळ्यावरून हात फिरवला.

"गुरू, घसा लई खाजायलाय रे," ती म्हणाली. "जरा पाणी दे की."