कात्रीतला दोरा

"हात आत! एनलिक, हात आत घे म्हणते ना!"

कोरड्या कारंज्याच्या काठावरून बातिमा ओरडली आणि एनलिकने नेमकं उलटं केलं. स्केटबोर्ड पुढे निसटला, पोरगी मागे कलंडली आणि पडता पडता तिने दोन्ही पंजे सिमेंटवर टेकवले. मनगटांवर जाड पट्टे होते म्हणून निभावलं.

"पट्टे नसते तर उद्या सकाळी माझ्या टेबलावर आली असतीस," बातिमा म्हणाली. "आणि मी ओळखसुद्धा दाखवली नसती."

"प्लास्टर गुलाबी लावाल ना, आपाय?"

"पांढरंच मिळेल. वर लिहीन, हिने सांगितलेलं ऐकलं नाही."

काठावर बसलेली पोरं हसली. सूर्यफुलाच्या बिया फोडत सगळ्यात मोठ्याने हसला तो येर्नार. या कारंज्यातला उस्ताद तोच. बाकीची पोरं त्याच्या पायांकडे बघून शिकायची आणि तो ते जाणून होता.

बातिमा, पोरांची आपाय म्हणजे मोठी ताई, तल्दीकोर्गान गावातल्या एका दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत नर्स होती. लग्न झालं नाही, त्याचं तिला फारसं दुःखही नव्हतं. तिच्या हाताखालून अर्ध्या गावाची हाडं गेली होती. बागेतल्या कारंज्याचं पाणी बंद झालं आणि त्या गोल, उतरत्या हौदात पोरं चाकांवर घसरायला लागली, तेव्हा त्याची पहिली खबर तिलाच लागली. एकामागून एक तीच मोडलेली मनगटं, तेच वय, तेच उत्तर: "कारंज्यात पडलो." शेवटी एके संध्याकाळी ती उठली. एवढा माल जिथून येतो तो कारखाना तरी पाहून घेऊ, म्हणाली.

पाहिलं आणि कपाळाला हात लावला. डोक्यावर काही नाही, गुडघ्यांवर काही नाही. पोरांना नको म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती म्हणाली, "पडायचंच आहे ना? मग नीट पडा." बोर्ड बाजूला ठेवून तिने सगळ्यांना आधी गवतावर पाडलं. गुडघे वाकवायचे, मुठी छातीशी घ्यायच्या, खांदा टेकवून लोळण घ्यायची, जमीन हाताने अडवायची नाही. शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल.

"आम्ही उभं राहायला शिकतोय, आणि ही बाई पडायला शिकवतेय," येर्नार म्हणाला होता. पुढच्याच आठवड्यात तो तिच्या टेबलावर हात पुढे करून बसला होता. बातिमाने त्याचं प्लास्टर मात्र जरा सावकाश बांधलं. तेव्हापासून पट्टे न बांधता आलेल्या पोराला येर्नारच हौदात उतरू देईना.

बातिमा चालताना डाव्या पायावर झुकायची. लहानपणी पाण्याच्या गोठलेल्या पाटावर ती पडली होती आणि हाड बसवणाऱ्याने घाईत ते वाकडं बसवलं होतं. पायाचं तिला एरवी काही वाटायचं नाही. वाटायचं ते फक्त दोर कापायच्या समारंभात.

तिथली रीतच अशी: मूल उभं राहून पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांत काळा-पांढरा दोर बांधायचा, आणि जिच्यासारखी चाल बाळाला लाभावी असं वाटतं तिच्या हातून तो कापायचा. मोठेपणी कोणी सारखं अडखळलं की लोक विचारतात, "तुझा दोर कापला कोणी रे?" बातिमाने आयुष्यात असे कितीतरी समारंभ पाहिले होते. तिला कधी कोणी कापायला बोलावलं नव्हतं.

गेल्या रविवारी भावाच्या नातवाचा दोर कापायचा होता. तबकातली कात्री हातोहात पुढे सरकत तिच्यापाशी आली. तिने उचलली, एवढंच. लगेच वहिनीच्या आईने हसत हसत ती तिच्या बोटांतून काढून घेतली. "अगं, तू चहाचं बघ ना. तुझ्या हातच्या चहाला तोड नाही." मग शर्यतीत धावणाऱ्या शेजारच्या सुनेने दोर कापला, बाळ दुडदुडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बातिमाने चहा ओतला. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण रागावणार कोणावर? कोणत्या घराला आपल्या बाळाची चाल लंगडी व्हावीशी वाटेल? तिलाही वाटली नसती. निदान एकदा कोणीतरी विचारावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती इच्छा तिने कधी कोणापाशी बोलून दाखवली नव्हती.

कारंज्यातल्या पोरांनीही तोच रिवाज आपल्या परीने उचलला होता. पहिल्यांदा हौदाच्या काठावरून थेट खाली झेप घ्यायची असेल, तर त्या पोराचे पाय बुटांच्या काळ्या-पांढऱ्या नाड्यांनी बांधायचे. येर्नार चाकूने नाड्या कापायचा, मग बोर्डवर उभं राहायचं आणि उतरायचं. आज एनलिकची पाळी होती.

येर्नारने नाड्या बांधल्या, खिशातून चाकू काढला.

"थांब," एनलिक म्हणाली. "तू नको. आपाय कापतील."

येर्नारने मान वर केली.

"मी?" बातिमा म्हणाली. "वेडी की काय तू? ते काम येर्नारचं."

"आपाय तर कधी बोर्डवर उभ्यासुद्धा राहिल्या नाहीत," मागून कोणीतरी कुजबुजलं. "आणि त्यांचा पाय..."

बातिमाला ते ऐकू आलं होतं. तिने ओढणी उगाच नीट केली. "बरोबर बोलतोय तो. हात दाखवून अवलक्षण कशाला? पडलीस तर माझ्या माथी येईल. तुझी आई मला गावात तोंड दाखवू देणार नाही."

"पडणारच आहे मी," एनलिक म्हणाली. "पहिल्यांदा सगळेच पडतात. येर्नारचे पाय भन्नाट आहेत, पण पडला की मोडतो. तुम्ही रोज त्या पायावर चालता, कुठे कुठे अडखळता, तरी उठता. मला ते पाय हवेत."

येर्नारचे कान लाल झाले. त्याने चाकू मिटला, खिशात टाकला आणि म्हणाला, "कापा, आपाय. पोरगी खरं बोलते. मला राग आलाय, पण खरं बोलते."

बातिमाला रडू येत होतं आणि पोरांसमोर रडायचं नव्हतं. ती पिशवीत हात घालून चाचपडत राहिली. हाताला लागली ती दवाखान्यातली तिची कात्री, पट्ट्या कापायची, बोथट टोकाची, कातडीला न लागणारी. दुखरा पाय बाजूला पसरून ती सावकाश खाली बसली. नाड्या जाड होत्या, एका झटक्यात कापल्या जाईनात. तिने दोनतीनदा कात्री दाबली. कोणी हसलं नाही.

"वजन पुढच्या पायावर," येर्नार म्हणाला. "घाबरलीस की मागे रेलतेस, आणि मागे रेललं की गेलं."

"आणि गेलंच," बातिमा म्हणाली, "तर हात?"

"आत!"

एनलिकने बोर्डचं टोक दाबलं आणि उतरली. पहिला उतार तिने छान घेतला. हौदाच्या तळाशी पोचल्यावर मात्र जुनी खोड उसळली, ती मागे रेलली, बोर्ड सुटला. बातिमाने डोळे मिटले नाहीत. एनलिकच्या मुठी छातीशी गेल्या, गुडघे वाकले, खांदा टेकला आणि पोरगी सिमेंटवर लोळण घेऊन बसती झाली. मग तिने दोन्ही हात वर करून मनगटं गोल फिरवली.

"आपाय, बघा! शाबूत!"

पोरांनी एकच गलका केला. दोर कापणाऱ्याला काहीतरी द्यावं लागतं, म्हणून येर्नारने खिसे चाचपून बियांची अर्धी पुडी बातिमाच्या हातात कोंबली. एनलिक बोर्ड काखोटीला मारून पुन्हा काठावर चढत होती. अंधारेपर्यंत ती चढत राहिली, आणि घरी निघायच्या आधी एकदा न पडता पलीकडच्या काठापर्यंत पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टरच्या खोलीत पहिला रोगी म्हणजे घोड्यावरून पडलेला एक म्हातारा होता. मदतनीस ओरीनशाने पट्टी ताणून धरली आणि तिचं लक्ष कात्रीकडे गेलं.

"बातिमा, कात्रीच्या खिळ्यात दोरा अडकलाय बघ. काळा. आणि हा पांढरा. काढू का चिमट्याने?"

बातिमाने कात्री उचलली.

"राहू दे," ती म्हणाली, आणि पट्टी कापायला लागली.