खाटेखालची नोकरी

मित्रांनो, मी एक जुना बेडपॅन आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबतो. झालं? ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: अंथरुणातून उठता न येणाऱ्या माणसाला शी-शू करायला जे भांडं देतात, ते मी.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. स्टीलच्या ज्या पत्र्यातून मी निघालो, त्यातूनच माझा सख्खा भाऊ निघाला. तो पातेलं होऊन स्वयंपाकघरात गेला, मी इस्पितळात. म्हणजे अन्नाची वाट एकच. तो आरंभाला, मी शेवटाला. तरी त्याच्यावरचं झाकण काढलं की लोक मोठा श्वास घेतात, आणि माझ्यावरचं काढलं की श्वास रोखून धरतात. असो. भावाभावांत तुलना करू नये.

इस्पितळात "जरा ते द्या हो" याखेरीज मला कोणी हाक मारली नाही. फक्त एक थोरल्या सिस्टर मला द्यायच्या आधी गरम पाण्याखाली धरत. "थंडगार पत्र्यावर एकदा स्वतः बसून बघा," असं त्या नव्या डॉक्टरांना ऐकवत. एकाही डॉक्टरने बसून पाहिलं नाही, पण मान सगळे डोलावत.

पुढे हलके प्लास्टिकचे बेडपॅन आले आणि माझी रवानगी रुग्णांचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात झाली. तिथे कुबड्यांशेजारी मी धूळ खात पडलो. एकदा एका बाईंनी मला फळं ठेवायला मागितलं होतं! पण दुकानदार प्रामाणिक निघाला आणि माझं नशीब फिरता फिरता राहिलं.

आणि एके सकाळी एक बस कंडक्टर आला नि मला घेऊन गेला. पुन्हा नोकरी! मी आनंदाने पिशवीत खणखणत होतो.

घरात दोघंच, तो आणि त्याची आई. आई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी गल्ली त्यांना मोठ्या बाई म्हणे. स्टुलावर चढून पंखा पुसताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ एक सिस्टर येई. मधल्या वेळात सगळं मुलावर.

पहिल्या दिवशी त्याने मला टॉवेलखाली झाकून आणलं. तो छताकडे बघत होता, बाई भिंतीकडे.

"नकोय मला," बाई म्हणाल्या. "तू बाहेर जा."

तेव्हापासून मुलगा तासातासाला पाण्याचा पेला भरून ठेवी आणि रिकामा पेला पाहून खूश होई. पण मी खाटेखालून सगळं बघत होतो. तो वळला की बाई पेला उशाशी असलेल्या खिडकीतल्या कुंडीत ओतत! झाड असं काही फोफावलं की खिडकी लागेना. आणि इकडे बाई सुकत चाललेल्या. ओठ फुटले, चक्कर यायला लागली, अंगात कणकण आली. मला ओरडून सांगायचं होतं. पण माझं तोंड नुसतंच मोठं आहे.

चौथ्या दुपारी मुलाने घाबरून डॉक्टरांना फोन लावला.

"पाणी जातंय का पोटात?"

"भरपूर, डॉक्टर!"

"मग लघवी?"

तो वाकला. त्याने खाटेखाली पाहिलं. सकाळी सिस्टर गेल्यापासून मी कोरडा ठणठणीत, आरशासारखा चकचकीत. मित्रांनो, माझ्याकडे इतकं निरखून आजवर कोणी पाहिलं नव्हतं! मग त्याची नजर कुंडीकडे गेली. "डॉक्टर, पाणी पोटात जातच नाहीये!"

"संध्याकाळपर्यंत पाणी गेलं नाही तर पुन्हा ॲडमिट करू," डॉक्टर म्हणाले.

"आई, पाणी कुठे जातं?"

"झाडाला. ते तरी माझ्या मागे लागत नाही." बाईंचा आवाज बारीक झाला. "हे काम मुलाने करायचं नसतं रे."

"माझ्या बसमध्ये रोज कोणीतरी ओकतं, पोरं सीटवर मुततात. एकानेही माझी लाज धरली नाही. तूच कोण मोठी लागून गेलीस?"

मग त्याने टॉवेल उचलला आणि स्वतःच्या डोळ्यांवर करकचून बांधला. "हं. आता ड्रायव्हर आंधळा. रस्ता तू सांगायचा. पण आधी पाणी पी."

बाईंनी पेला रिकामा केला. मग दुसरा. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "आण."

काय तो प्रवास! त्याने मला उचलून आधी कपाटावर आपटलं.

"डावीकडे! डावं कळत नाही? पास कोणी केलं तुला?"

"तूच."

"चूकच झाली. पुढे. अजून पुढे. थांब!"

बाई हसत होत्या! पुढचं सभ्यपणे सांगतो: मी कामाला आलो.

बाईंना पुन्हा ॲडमिट करावं लागलं नाही. आठवडाभराने टॉवेल बांधायचा राहून गेला, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग वॉकर आला. बाई खोलीभर चालू लागल्या, आणि एके सकाळी एकट्याच संडासाकडे निघाल्या. मला खाटेखालून दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. टक्. टक्. टक्. मध्येच थांबलं! वॉकर उंबऱ्याला अडला होता.

"आई, धरू?"

"हात लावशील तर बघ!"

"पडलीस तर?"

"पडले तर धर. आधी नाही."

टक्! दार लोटलं गेलं.

"आई, कडी लावू नकोस हं!"

खट्! आतून कडी लागली.

"दाराशी उभा राहू नकोस," आतून मुख्याध्यापिकांचा खणखणीत आवाज आला. "आणि उद्यापासून ड्युटीवर जा. बस काय एकटी धावणार आहे?"

मला हात-पाय असते तर मी नाचलो असतो! नोकरी सुटल्यावर इतका आनंद झालेला नोकर तुम्ही दुसरा पाहिला नसेल.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलं तर त्याला पाणी जरूर विचारा. पण पेला हातात देताना पुढचंही बोलून टाका, "लागली की सांग, मी आहे." तेवढं तुम्ही म्हणा. बाकीचं आम्ही सांभाळून घेतो.